एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार फिके: घरच्या घरी फळांचा रम पंच

कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर रम पंचाचे प्रमाण एका छोट्या यमकात बांधलेले आहे. एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक आणि चार भाग फिके, असा त्याचा मराठीत अर्थ होतो. आंबट म्हणजे लिंबाचा रस, गोड म्हणजे साखरेचा पाक, कडक म्हणजे रम आणि फिके म्हणजे पाणी किंवा फळाचा रस. त्यावर कडवट अर्काचे दोन-तीन थेंब आणि किसलेले जायफळ पडले की पेय पुरे होते. घरी कॉकटेल करायचे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे पंधरा-वीस बाटल्यांची मांडणी आणि हवेत उडवला जाणारा शेकर येतो. पण एक बाटली रम, सहा-सात लिंबे, एक पिकलेला अननस आणि मोजायला एक लहान पेला एवढ्यावर चारचौघांपुढे ठेवण्याजोगे पेय सहज होते. चूक होते ती सामग्रीत नव्हे, मापात होते. त्यातही हे यमक जसेच्या तसे पाळले, तर आपल्या फळांबरोबर ते बहुधा फसते. ते का फसते आणि कसे सुधारावे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पंच या शब्दाचे मूळ आपल्याच ‘पाच’मध्ये आहे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात या किनाऱ्यावर राहिलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने तसे नोंदवून ठेवले आहे. गोव्यातील नेरूल येथे उत्तम अरक तयार होतो आणि त्यापासून इंग्रज लोक पाच जिन्नसांचे ‘पाँच’ नावाचे पेय करतात, असे तो सांगतो. ही व्युत्पत्ती सर्व भाषातज्ज्ञांना मान्य नाही, आणि १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने अशाच पेयाचे वर्णन करताना मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच जिन्नस सांगितले आहेत. ते काही असले, तरी माडाच्या किंवा इतर कसल्याही अरकात लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालण्याची रीत आपल्या किनाऱ्यावरून जहाजांबरोबर गेली आणि कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळीपासून होणारी रम तिला येऊन मिळाली, एवढे लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे; कारण मूळ पंचात ‘फिके’ म्हणजे साधे पाणी होते. पुढे पाण्याची जागा अननस आणि संत्र्याच्या रसाने घेतली, परंतु साखरेचे दोन भाग मात्र तसेच राहिले. पेय गोडमिट्ट होण्याचे खरे कारण हेच आहे.

हिशेब करून पाहू. एक भाग म्हणजे २० मिली धरला, तर लिंबाचा रस २० मिली, पाक ४० मिली, रम ६० मिली आणि पाणी ८० मिली असा एक पेला होतो. आपल्याकडे ज्याला लार्ज पेग म्हणतात तो नेमका ६० मिलीचा असल्यामुळे हे माप लक्षात ठेवायलाही सोपे आहे. समान वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेल्या पाकात दर १० मिलीमागे सुमारे ६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ४० मिली पाकातून साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे साखर पेल्यात येते. एका लिंबाचा आंबटपणा आणि रमचा कडकपणा यांना तोलण्यासाठी ती ठीक आहे. पण पाण्याऐवजी ८० मिली अननसाचा रस घातला, की त्यातून आणखी ९-१० ग्रॅम साखर येते आणि तोल बिघडतो. म्हणून तेवढीच साखर पाकातून कमी करावी, म्हणजेच पाक ४० ऐवजी २५ मिली घ्यावा. अननस फारच गोड असेल तर मी २० मिलीवर थांबतो.

रम कोणती घ्यावी

महाराष्ट्रातील वाइन शॉपमध्ये सहज मिळते ती मळीपासून केलेली काळी रम, आणि तिच्यात १९५४ पासून घराघरांत पोचलेल्या ओल्ड मंकचे नाव अर्थातच पहिले येते. तिला व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेचा वास असतो, त्यामुळे अननस, संत्रे, आंबा अशा ठळक चवीच्या फळांशी तिचे चांगले जमते. कलिंगड, लिची, पेरू यांसारख्या हलक्या सुवासाच्या फळांवर मात्र ती कुरघोडी करते. तेथे पांढरी रम घ्यावी. अलीकडे गोव्यात आणि इतरत्र छोट्या प्रमाणावर केलेल्या, वेगळ्या धाटणीच्या रमही मिळू लागल्या आहेत. त्या आधी नुसत्या चाखाव्यात, आवडल्या तर थोड्या पाण्याबरोबर घ्याव्यात. २५ मिली पाकात आणि अननसाच्या रसात बुडवण्यासाठी महागडी, जुनी रम खर्ची घालण्यात शहाणपणा नाही. उलट, अगदी स्वस्त रमचा उग्र वास फळाच्या रसाने झाकला जाईल, ही समजूतही खरी नाही. पेल्यात बर्फ वितळू लागला की तो वास पुन्हा वर येतोच.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ६० मिलीमध्ये सुमारे २० ग्रॅम. वरील मापाचा पेला बर्फासह घुसळल्यावर साधारण ११ टक्के तीव्रतेचा होतो, जवळजवळ वाइनइतका. फळाच्या रसामुळे ती तीव्रता जिभेला कळत नाही, आणि सरबत प्यावे तशा वेगाने पेला रिकामा होतो. पाहुण्यांना पेला देतानाच त्यात एक लार्ज पेग आहे हे सांगून टाकावे. ज्यांना हलके हवे असेल त्यांच्यासाठी रम ३० मिली करावी, परंतु तेव्हा पाक आणि लिंबूही थोडे कमी करावे लागतात, नाहीतर जे उरते ते केवळ दाट सरबत असते.

पाक, लिंबू आणि कडवटपणा

पिठीसाखर किंवा साधी साखर थेट पेल्यात घालू नये. थंड आणि मद्यार्कयुक्त द्रवात साखर नीट विरघळत नाही आणि शेवटचा घोट रवाळ लागतो. १०० ग्रॅम साखरेत १०० मिली पाणी घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवावे आणि उतरवावे. येथे गुलाबजामाचा पाक करायचा नाही. तार येण्याची वाट पाहिली तर पाणी आटते आणि आपली सगळी मापे चुकतात. एवढ्या साहित्यात साधारण १६० मिली पाक होतो, म्हणजे सहा पेल्यांची सोय होते. स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो दोन-तीन आठवडे टिकतो. काळ्या रमसाठी गुळाचा पाक करून पाहण्याजोगा आहे. गूळ आणि रम दोन्ही उसाचीच असल्याने ती एकमेकांत चटकन मुरतात. गुळाचा पाक गाळून घ्यावा आणि २० मिलीपासून सुरुवात करावी, कारण गुळाला स्वतःचा खारट-करपूस स्वाद असतो आणि फार झाला तर फळ बाजूला पडून काकवीच तेवढी लागते.

लिंबू आपले नेहमीचे कागदीच घ्यावे. पातळ सालीचे, हाताला जड लागणारे लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवले की रस जास्त निघतो. एका लिंबातून १२ ते २० मिली रस मिळतो, म्हणून ‘एका पेल्याला एक लिंबू’ असे न धरता रस मोजूनच घालावा. बाटलीतील तयार लिंबूरस वापरू नये. त्यात आंबटपणा असतो, पण सालीतील तेलाचा ताजा वास नसतो, आणि या पेयात लिंबाचे अर्धे काम तो वासच करतो. रस त्याच दिवशी काढावा, शक्य तर त्याच तासात.

कडवट अर्क म्हणजे बहुतेक वेळा अँगोस्तुरा बिटर्स. १८२४ साली व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा या गावी योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टराने तो प्रथम तयार केला. आता तो त्रिनिदाद बेटावर होतो. त्याचे दोन थेंब गोड-आंबट चवीला खोली देतात. मोठ्या शहरांतील दुकानांत तो मिळतो, पण त्याच्यासाठी अडून बसू नये. संत्र्याच्या सालीचा केशरी भाग, दोन लवंगा आणि दालचिनीचा नखाएवढा तुकडा ५० मिली रममध्ये चार-पाच दिवस भिजत ठेवून गाळला, तर जवळपास तेच काम होते. अँगोस्तुराचा खरा कडवटपणा त्यात येत नाही, मसाल्याचा वास मात्र येतो. अगदी चिमटीभर मीठही फळाची चव वर आणते. ते खारट लागण्याइतके नसावे.

अननसाचा पेला

अननस बुडाशी सोनेरी पिवळा आणि हुंगल्यावर गोड वासाचा हवा. बुडाशी आंबूस वास येत असेल तर तो उतरला आहे, असे समजावे. साल आणि डोळे काढून, मधला दांडा टाकून, फोडी मिक्सरमध्ये पाणी न घालता फिरवाव्यात आणि पुरणाच्या नव्हे, चहाच्या बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळाव्यात. डब्यातील रसही चालतो, परंतु त्यात साखर घातलेली आहे का हे डब्यावर वाचावे आणि असल्यास पाक आणखी कमी करावा. ताज्या रसाचा एक फायदा असा, की घुसळल्यावर त्याला दाट, टिकाऊ फेस येतो आणि पेला देखणा दिसतो.

मापासाठी ३० आणि ६० मिलीचा पेग-पेला उत्तम. तो नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी खुणांची प्लास्टिकची वाटी स्वच्छ धुऊन वापरावी, किंवा मापाचे चमचे घ्यावेत. मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान ५ मिलीचा असतो. बाटलीच्या बुचाने मोजण्याची सवय पुष्कळांना असते, पण बुचे निरनिराळ्या मापांची असतात आणि दुसऱ्या पेल्यानंतर बूच नेहमीच मोठे होते.

शेकर नसला तरी घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी पुरते. बरणीत आधी २० मिली लिंबाचा रस, मग २५ मिली पाक, मग ८० मिली अननसाचा रस घालावा आणि या टप्प्यावर चमचाभर चाखून पाहावे. चव खोलीच्या तापमानाला थोडी जास्तच गोड आणि जास्तच आंबट, अंगावर येणारी लागली पाहिजे; कारण पुढे रम आणि वितळलेला बर्फ तिला सौम्य करणार आहेत आणि थंडाव्याने जिभेला गोडी कमी जाणवते. येथे चव बरोबर लागली तर पेल्यात ती पाणचट लागते. सुधारणा करायची ती आताच करावी आणि मगच ६० मिली रम ओतावी. रम शेवटी घालण्याचे कारण साधे आहे: चूक झाली तर लिंबू आणि पाक वाया जावा, रम वाया जाऊ नये.

आता बरणीत दोन-तृतीयांश भरेल इतका बर्फ टाकावा, झाकण घट्ट लावावे, बरणी फडक्यात धरावी आणि दहा-बारा सेकंद जोराने, आडवी धरून घुसळावी. बरणीला बाहेरून दव धरले की थांबावे. एवढ्या वेळात मूळ द्रवाच्या सुमारे पाव पट पाणी त्यात मिसळते आणि ते हवेच असते. ते पाणी म्हणजे पेयाचा भागच आहे, अपघात नव्हे. उंच पेल्यात ताजा बर्फ भरून त्यावर गाळणीने पेय ओतावे. घुसळलेला बर्फ फुटून लहान झालेला असतो आणि तोच पेल्यात गेला तर पाच मिनिटांत पेय पातळ होते. वर बिटर्सचे दोन थेंब आणि किसणीवर दोनदा फिरवलेले जायफळ. जायफळ ताजेच किसावे, आणि हात आवरूनच: श्रीखंडात जेवढे घालतो त्याहूनही थोडे कमी. जायफळ जास्त झाल्यास केवळ कडू लागत नाही, पोटात गेल्यावर ते त्रासदायकही ठरते.

बर्फाबद्दल एक सांगायचे राहिले. घरच्या फ्रीजरमध्ये मासळी, वाटण, कोथिंबीर यांच्या शेजारी चार दिवस उघडा ठेवलेला बर्फ त्या सगळ्यांचा वास घेतो आणि तो वास अननसाबरोबर फार विचित्र लागतो. उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ आदल्या रात्री झाकणाच्या ट्रेमध्ये लावावा. चुरा हवा असेल तर खडे स्वच्छ पंच्यात गुंडाळून लाटण्याने ठोकावेत. (पंच करण्यासाठी पंचा लागतो, हा योगायोग मला दर वेळी आवडतो.)

दूध किंवा मलई घालून अननसाचे पेय करण्याचा मोह होतो, त्याबाबत सावध राहावे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते आणि ते दुधातील प्रथिने तोडते, त्यामुळे थोड्याच वेळात कडवटपणा येतो. प्वेर्तो रिकोच्या पिन्या कोलादामध्ये नारळाचा वापर होतो. तसे करायचे असल्यास लिंबू १० मिलीवर आणून ४० मिली दाट नारळाचे दूध घालावे आणि पेय केल्याबरोबर प्यावे. रस आधी उकळी येईपर्यंत तापवून पूर्ण गार केला तर विकर निष्क्रिय होते, पण ताज्या फळाचा वासही थोडा उडतो. डब्यातील रस तापवलेलाच असल्याने त्यात ही अडचण येत नाही.

आंबा, संत्रे, कोकम आणि इतर

आंब्याचा पंच मी पहिल्यांदा केला तेव्हा यमक तंतोतंत पाळले होते: दोन भाग पाक, आणि चार भाग डब्यातील आमरस. त्या आमरसात आधीच साखर होती. जे तयार झाले ते रम घातलेले शिकरण होते आणि ते चमच्याने खावे लागले. तेव्हापासून आंब्यासाठी माझे माप निराळे आहे. हापूसचा गाळलेला रस ५० मिली, थंड पाणी ३० मिली, लिंबू २० ते २५ मिली, पाक १५ मिली आणि रम ६० मिली. हापूस पुरता पिकल्यावर त्यात आंबटपणा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे लिंबू कमी करून चालत नाही. पायरीत थोडा आंबटपणा असतो, तिच्या बाबतीत २० मिलीवर भागते. डब्यातील गोड आमरस वापरायचा असल्यास पाक आधी घालूच नये, चाखून मग लागला तर चमचाभर घालावा. या पेल्यावर जायफळाबरोबर वेलदोडा घालू नये, कारण मग तोंडाला आमरस-पुरीची आठवण होते आणि रम परकी वाटू लागते.

संत्र्याच्या बाबतीत चूक होते ती रस काढताना. नागपुरी संत्र्याच्या फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या की कडवटपणा उतरतो, आणि काढून ठेवलेला रसही तासा-दोन तासांत कडवट होत जातो. फळ आडवे कापून हातयंत्राने हलकेच पिळावे, लगेच गाळावे आणि लगेच वापरावे. ८० मिली रस, २० मिली लिंबू, २० मिली पाक, ६० मिली काळी रम. येथे गुळाचा पाक फार खुलतो. अर्धा अननस आणि अर्धे संत्रे अशी जोडी कॅरिबियन बेटांवरही सर्रास होते आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाही.

कोकम मात्र फिक्याच्या नव्हे, आंबटाच्या जागी वापरावे. बाजारातील आगळ मिठाचे असते. ते २० मिली घातले तर पेय समुद्राचे पाणी होते, हे अनुभवाने सांगतो. त्याऐवजी आठ-दहा आमसुले धुऊन १०० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालावीत, कुस्करून गाळावीत आणि त्यातले ४० मिली पाणी लिंबाऐवजी घ्यावे. आमसुलेही बहुधा खारवलेली असतात, म्हणून धुण्याची पायरी गाळू नये. पाक ३० मिली, पांढरी रम ६० मिली, हे तिन्ही घुसळून पेल्यात ओतल्यावर वरून ६० मिली गार सोडा घालावा. सोडा कधीही बरणीत घालून घुसळू नये. दाब वाढून झाकण उडते आणि स्वयंपाकघराच्या भिंती कोकमाच्या रंगाने रंगतात. भाजलेल्या जिऱ्याची चिमूट येथे जायफळापेक्षा बरी लागते.

कलिंगडाचा रस म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याला ८० ऐवजी १०० मिली घ्यावे, वेगळे पाणी घालू नये, आणि पांढरी रम वापरावी. पेरू मिक्सरमधून काढल्यावर रवाळ लागतो, तो दोनदा गाळावा. पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून तिखट-मीठ लावले तर तो शाळेबाहेरच्या गाडीवरचा पेरू होतो, आणि मला या यादीतील सर्वांत आवडणारा प्रकार हाच आहे. रसवंतीतून ताजा उसाचा रस आणून त्यात लिंबू, आल्याचा रस आणि पांढरी रम घातली तर पाकाची गरजच उरत नाही. मात्र तो रस झपाट्याने काळवंडतो, म्हणून घरी आणल्यापासून अर्ध्या तासात संपवावा.

दहा जणांसाठी एक पातेले

पंच हे मुळात एका मोठ्या भांड्यातून सर्वांनी वाटून घेण्याचे पेय आहे, आणि घरी पाहुणे आले असता प्रत्येकासाठी बरणी घुसळत उभे राहण्यापेक्षा पातेल्यात करणे यजमानाच्याही सोयीचे असते. यासाठी जुन्या काळापासून चालत आलेली एक युक्ती वापरावी. तीन संत्र्यांची साल सोलाण्याने पातळ काढावी, पांढरा भाग येऊ देऊ नये, कारण तो कडू असतो. या साली १५० ग्रॅम साखरेत घालून हाताने चांगल्या चोळाव्यात आणि दोन-तीन तास झाकून ठेवाव्यात. साखर सालीतील तेल ओढून घेते आणि ओलसर, सुगंधी होते. त्यात १५० मिली गरम पाणी घालून ढवळले आणि गाळले, की २५० मिलीच्या आसपास पाक मिळतो, म्हणजे दहा पेल्यांना प्रत्येकी २५ मिली.

हा पाक, २०० मिली लिंबाचा रस, ८०० मिली अननसाचा रस आणि ६०० मिली रम एकत्र करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. हे मिश्रण घुसळले जात नसल्याने बर्फापासून मिळणारे पाणी आपणच घालायचे असते. त्यासाठी ४०० मिली गार पाणी घालावे. लहान खडे टाकण्याऐवजी आदल्या रात्री लिटरभराच्या डब्यात गोठवलेला एकच मोठा गोळा पातेल्यात सोडावा, तो सावकाश वितळतो. पातेले स्टीलचे किंवा काचेचे असावे. घरातील जुने तांब्या-पितळेचे देखणे पातेले काढण्याचा मोह होतो, पण कल्हई नसलेल्या किंवा झिजलेल्या भांड्यात एवढे आंबट पेय तासभर ठेवले तर धातू त्यात उतरतो. ते आरोग्याला अपायकारक आहे.

न पिणाऱ्यांसाठी वेगळ्या भांड्यात तेच मिश्रण रमऐवजी गार, कोरा, जरा कडक चहा घालून करावे. चहाचा तुरटपणा रमच्या अनुपस्थितीत पेयाला अंग देतो, आणि मूळ पंचातही काही वेळा चहा पडत असे. दोन्ही भांड्यांचा रंग मात्र जवळपास सारखा होतो. म्हणून त्यांत निराळी डाव, निराळे पेले आणि निराळी जागा ठेवावी. घरात मुले किंवा औषधे घेणारी वडीलधारी माणसे असतील तर रमचे भांडे टेबलावर सोडून उठू नये. झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी, काही प्रतिजैविके चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी रमचा पेला घेऊच नये.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात रमसारखे कडक मद्य घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण लागतात आणि मद्य बाळगण्या-पिण्याचा परवाना काढावा लागतो. तो दुकानातही एक दिवसाचा मिळतो. बाटली परवानाधारक दुकानातूनच, सीलबंद घ्यावी. वाहन चालवण्याबाबतची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम मद्यार्क एवढीच आहे, आणि एका पेल्यातही अनेकांच्या बाबतीत ती ओलांडली जाऊ शकते. पाहुण्यांच्या परतीची सोय आधी ठरवावी.

चखण्याला काय ठेवावे, यावर मतभेद होतात. पेय गोड-आंबट असल्याने शेव-फरसाणाचा गोडसर चिवडा त्याच्याबरोबर फिका पडतो. खारे शेंगदाणे, तळलेली सुकी मासळी, मिरी लावलेली काकडी किंवा कोंबडीचे तिखट तुकडे यांच्याशी ते चांगले जुळते.

पातेल्यात उरलेला पंच गाळून बाटलीत भरावा आणि फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच संपवावा. लिंबाचा रस शिळा झाला की त्याला जड, उतरलेला वास येतो आणि तो पुन्हा लिंबू पिळून जात नाही. उरलेल्या अननसाच्या फोडी टाकू नयेत. त्या बरणीत घालून बुडतील एवढी रम ओतली तर आठवडाभरात रम फळाला आणि फळ रमला चव देते. ती रम पुढच्या वेळी ६० मिलीच्या मापातच घ्यावी. राहिलेल्या फोडी फार कडक झालेल्या असतात आणि दिसतात मात्र फळांच्या कोशिंबिरीतल्यासारख्या, म्हणून बरणीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून ती फ्रिजच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, मागे ठेवावी.